ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, तरी चढावर छातीत दडपण: मग पुढची तपासणी कोणती?

एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील 58 वर्षांचे, 8 वर्षांपासून मधुमेह. दोन महिन्यांपासून सकाळी फिरायला गेले की चढावर छातीत दडपण येतं आणि उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जातं. नाश्ता करून निघाले तर लवकर येतं. ईसीजी आणि टूडी इको नॉर्मल. स्ट्रेस टेस्टच्या रिपोर्टवर ‘माइल्डली पॉझिटिव्ह’ असा शेरा. एका डॉक्टरांनी थेट अँजिओग्राफी सांगितली, दुसऱ्यांनी सीटी अँजिओ, आणि नात्यातल्या एका डॉक्टरांनी स्ट्रेस थॅलियम. ‘यातली सगळ्यात अचूक कुठली? आणि दिवाळीनंतर केली तर चालेल का?’

मी मिरजेत 21 वर्षं हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. त्यातला बराचसा वेळ इको करण्यात, लोकांना ट्रेडमिलवर चालवण्यात आणि सीटीची चित्रं वाचण्यात जातो. त्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ रोज भेटतो, आणि दर वेळी उत्तर थोडं वेगळं निघतं.

आधी एक गोष्ट, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. वडिलांना बसल्या जागी दडपण आलं, पंधरा-वीस मिनिटं राहिलं, सोबत घाम, मळमळ किंवा दम असेल, तर यातली कुठलीच तपासणी करायची नाही. 108 ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. तिथे ताबडतोब ईसीजी आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी होते. पित्त असेल म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट बघितलेली माणसं मी फार पाहिली आहेत. दडपण पूर्वीपेक्षा कमी चालण्यावर येऊ लागलं, रात्री झोपेतून उठवू लागलं, तरी त्याच दिवशी दाखवा. खाली जे लिहिते आहे ते स्थिर, ठरावीक श्रमावर येणाऱ्या आणि थांबल्यावर जाणाऱ्या त्रासासाठी आहे.

आता प्रश्नाकडे. तीन डॉक्टरांनी तीन तपासण्या सांगितल्या की घरच्यांना वाटतं, यातला एकच बरोबर आणि बाकीचे दोघे चुकताहेत किंवा पैसे काढताहेत. बहुतेक वेळा तसं नसतं. त्या तीन तपासण्या तीन वेगळ्या गोष्टी शोधतात. सीटी अँजिओ बघते की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत चरबी आणि कॅल्शियम साठलं आहे का, आणि त्याने नळी किती अरुंद झाली आहे. थॅलियम बघते की त्या अरुंदपणामुळे हृदयाच्या स्नायूला खरोखर रक्त कमी पडतं का. हातातून किंवा जांघेतून नळी घालून केलेली अँजिओग्राफी मुख्यतः हे ठरवायला असते की दुरुस्ती करायची तर कुठे आणि कशी. म्हणून ‘सगळ्यात अचूक कुठली’ याआधी ‘आपल्याला नेमकं काय कळून घ्यायचं आहे, आणि कळल्यावर आपण काय वेगळं करणार आहोत’ हे विचारावं लागतं.

तुमच्या मनात आणखी एक गोंधळ असणार: इतका त्रास आहे तर ईसीजी आणि इको नॉर्मल कसे? आमच्या भागात ऊस आहे, म्हणून मी पेशंटना पाइपलाइनचं उदाहरण देते. पाइपात गाळ साठून ती निम्म्याहून जास्त अरुंद झाली, तरी पावसाळ्यात कुणाला कळत नाही, कारण पाण्याची मागणीच नसते. उन्हाळ्यात सगळी शेतं एकदम पाणी मागतात तेव्हा टेलच्या, म्हणजे पाइपाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. हृदयाचं तसंच आहे. जोरात चालताना हृदयाला विश्रांतीच्या तीन-चार पट रक्त लागतं. नळी 70 टक्के अरुंद झाली की ही वाढीव मागणी पुरी होत नाही. पण पलंगावर शांत पडलेल्या माणसात 80-85 टक्के अरुंद नळीसुद्धा गरजेपुरतं रक्त पोचवत राहते. ईसीजी आणि इको आपण माणूस पडलेला असताना, म्हणजे पावसाळ्यात करतो. ते नॉर्मल आहेत याचा अर्थ पूर्वी मोठा झटका येऊन गेल्याची खूण दिसत नाही, स्नायू चांगला आकुंचन पावतो, झडपा ठीक आहेत. ही चांगलीच बातमी आहे. नळ्यांबद्दल मात्र त्यातून काहीही सिद्ध होत नाही. टूडी इकोवर ब्लॉक दिसतात हा समज इतका पक्का आहे की मी रिपोर्ट देताना तोंडाने सांगते: यात नळ्या दिसत नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची? त्रासाच्या वर्णनातून. मशीनच्या आधी मी तीन गोष्टी विचारते. दडपण, आवळल्यासारखं, ओझं ठेवल्यासारखं वाटतं का? श्रमाने किंवा रागाने येतं का? थांबल्यावर किंवा जिभेखाली गोळी ठेवल्यावर पाच मिनिटांत जातं का? तुमच्या वडिलांच्या बाबतीत तिन्ही उत्तरं ‘हो’ आहेत. जेवणानंतर लवकर येणं हीसुद्धा जुनी, ओळखीची खूण आहे. पोट भरलेलं असताना रक्त पचनाकडे वळतं आणि हृदयावरचं काम वाढतं. अनेक घरांत नेमक्या याच खुणेला ‘गॅस’ म्हणतात. याउलट बोटाने दाबून दाखवता येणारं दुखणं, सेकंदभराची चमक, कूस बदलल्यावर वाढणारी कळ या गोष्टी बहुधा हृदयाच्या नसतात. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये चित्र फसवं असू शकतं. नुसता दम, जबड्यात किंवा पाठीत जडपणा, एवढंच असतं.

हे वर्णन इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांत दाखवते. ट्रेडमिलवरची साधी स्ट्रेस टेस्ट खरा आजार असलेल्या 100 जणांपैकी साधारण 68 जणांना पकडते, आणि आजार नसलेल्या 100 पैकी 77 जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते. आता समजा, छातीत चमका येणाऱ्या पस्तिशीतल्या 100 बायका आहेत आणि त्यांतल्या 5 जणींना खरा आजार आहे. टेस्ट त्यांतल्या 3-4 जणींना पकडेल, पण उरलेल्या 95 पैकी जवळजवळ 22 जणींनाही ‘पॉझिटिव्ह’ ठरवेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या 25 मध्ये खऱ्या आजारी तीन-चार, बाकीच्या विनाकारण घाबरणार. उलट, तुमच्या वडिलांसारखे 100 पुरुष घ्या आणि समजा त्यांतल्या 70 जणांना आजार आहे. टेस्ट 45 जणांना ‘निगेटिव्ह’ म्हणेल, पण त्यातले 22 आजारी असतील. जवळजवळ निम्मे. टेस्ट एकच, यंत्र एकच, वाचणारी मीच. तरी तिच्या उत्तराची किंमत समोर कोण उभं आहे त्यावर ठरते. म्हणूनच मला त्रासाच्या वर्णनावर दहा मिनिटं द्यायची असतात, आणि म्हणूनच काही तक्रार नसलेल्या तिशीतल्या माणसाला हेल्थ पॅकेजमध्ये स्ट्रेस टेस्ट करायला मी उत्तेजन देत नाही.

तर तुमच्या वडिलांना आजार असण्याची शक्यता टेस्टच्या आधीच बरीच होती. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं की आपल्या दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका मध्यमानाने 53 व्या वर्षी येतो, इतर ठिकाणी तो जवळजवळ 59 व्या वर्षी येतो. त्यात 8 वर्षांचा मधुमेह. म्हणून ‘माइल्डली पॉझिटिव्ह’ वाचून ‘थोडंसंच आहे’ असं समजू नका. हा शेरा मला स्वतःला आवडत नाही, कारण त्यातून कामाची माहिती कळत नाही. रिपोर्टची मागची पानं काढा आणि त्यावरचे आकडे बघा. ट्रेडमिलचा जो प्रोग्राम बहुतेक ठिकाणी वापरतात त्याला ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात. त्यात दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. वडील किती मिनिटं चालले? ईसीजीची ती रेघ, जिला एसटी म्हणतात, किती मिलिमीटर खाली गेली आणि कितव्या मिनिटाला? छातीत दडपण आलं का, त्यामुळे थांबावं लागलं का? आणि चालताना रक्तदाब वाढला की घसरला?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात यातल्या पहिल्या तीन आकड्यांचं एक सोपं गणित बसवलं गेलं. चाललेली मिनिटं घ्या. त्यातून मिलिमीटरची पाच पट वजा करा. दडपण आलं पण चालता आलं तर आणखी 4 वजा, दडपणामुळेच थांबावं लागलं तर 8 वजा. बेरीज 5 किंवा जास्त असेल तर धोका कमी, उणे 11 किंवा त्याखाली असेल तर जास्त, मधले मधे. समजा वडील 9 मिनिटं चालले, रेघ 1 मिलिमीटर खाली गेली, हलकं दडपण आलं: 9 वजा 5 वजा 4, म्हणजे शून्य. मध्यम. पण 3 मिनिटांत 2 मिलिमीटर आणि दडपणामुळे टेस्ट थांबवावी लागली, तर 3 वजा 10 वजा 8, म्हणजे उणे 15. दुसऱ्या माणसाला मी सीटीत वेळ घालवायला न सांगता अँजिओग्राफीला पाठवते. चालताना रक्तदाब वाढायच्या ऐवजी घसरला असेल तरीही तेच. दोघांच्याही रिपोर्टवर शेरा एकच येऊ शकतो: पॉझिटिव्ह.

आणि निगेटिव्ह टेस्टबद्दलही सांगते, कारण ते मी स्वतः चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी शाळेत शिकवणारे एक गृहस्थ आले. वय 46, सिगारेट, घरात वडिलांना पन्नाशीत झटका आलेला, कोलेस्टेरॉल चढं. ट्रेडमिलवर 10 मिनिटं आरामात चालले, ईसीजीत काही नाही. मी म्हटलं, ‘सर, हृदय उत्तम आहे.’ चार महिन्यांनी ते झटका येऊन दाखल झाले. गुठळी काढल्यावर दिसलं की त्या जागची नळी मुळात निम्मीसुद्धा अरुंद नव्हती. भिंतीतला मऊ चरबीचा थर फुटला होता आणि त्यावर रक्त गोठलं होतं. झटक्यांपैकी बरेच असेच येतात. मी ईसीजी बरोबर वाचला होता. पण स्ट्रेस टेस्ट फक्त इतकंच सांगते की आज रक्ताची वाट मोकळी आहे. भिंतीत काय दडलंय ते तिला दिसत नाही. मी तिच्या नॉर्मल उत्तरावर विसंबून त्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन सुरू केलं नाही, सिगारेटबद्दल पुरेसं बोलले नाही. ते वाचले, आजही तपासायला येतात. त्यांच्यामुळे माझी पद्धत बदलली.

इथे सीटी अँजिओचं महत्त्व येतं, कारण ती नळीचा आतला मार्गही दाखवते आणि भिंतही. हृदयाच्या नळ्या तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि त्या दिवसाला लाखभर ठोक्यांबरोबर सतत हलत असतात. अशा हलत्या वस्तूचा फोटो काढायला यंत्र वेगवान लागतं. 2004 च्या सुमारास 64 स्लाइसची, म्हणजे एका फेरीत 64 काप टिपणारी यंत्रं आली आणि ही तपासणी रोजच्या वापरात येऊ लागली. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात, अंगात एकदम गरम वाटतं, आठ-दहा सेकंद श्वास रोखायचा, झालं. तिची सगळ्यात मोठी ताकद ‘नाही’ म्हणण्यात आहे. चांगल्या प्रतीच्या सीटीवर नळ्या स्वच्छ दिसल्या तर मोठा अडथळा नसल्याची खात्री 97 ते 99 टक्के असते. इतक्या ठामपणे ‘नाही’ म्हणणारी दुसरी तपासणी आमच्याकडे नाही.

पण ती यंत्राएवढीच तयारीवर अवलंबून असते. नाडी 60 च्या आसपास हवी. ती जास्त असेल तर ती कमी करणारी मेटोप्रोलोलसारखी गोळी आधी देतात. त्या सकाळी चहा-कॉफी नको. नळ्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रेट देतात, त्यामुळे लैंगिक शक्तीसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतली असेल तर ते लाज न बाळगता सांगायलाच हवं. दोन्ही औषधं एकत्र आली की रक्तदाब धोकादायक घसरतो. मुलासमोर वडील हे बोलत नाहीत, म्हणून मी मुलाला बाहेर बसवून विचारते. क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी आधी करा, कारण सीटीचं औषध किडनीतून बाहेर पडतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किडनी चांगली असेल तर बहुधा थांबवावी लागत नाही, पण केंद्राला विचारा. पूर्वी अशा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील तर आधी सांगा. कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असलेल्यांना ‘आयोडीन चालणार नाही’ असं काही लोक सांगतात, त्याला आधार नाही. ती अॅलर्जी कोळंबीतल्या प्रथिनांची असते.

सीटी कुठे कमी पडते? मुख्यतः कॅल्शियममध्ये. भिंतीत चुना जास्त असेल तर तो सीटीत झळाळतो आणि आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, त्यामुळे 40 टक्क्यांचा अडथळा 70 टक्क्यांचा वाटू शकतो. मधुमेह जुना असेल, वय साठीकडे असेल, तर हे वारंवार घडतं. म्हणून मी आधी इंजेक्शनशिवाय साधा कॅल्शियम स्कोअर काढायला सांगते. 1990 मध्ये आर्थर अॅगॅट्स्टन यांनी ही मोजणी मांडली, त्यांच्याच नावाने तिचं एकक आहे. 0 म्हणजे कॅल्शियम नाही, 100 पर्यंत थोडं, 400 च्या वर बरंच. आकडा फार मोठा आला तर तिथेच थांबून वाट बदलते, कारण पुढचं चित्र धूसर येणार हे कळून चुकतं. हृदयाचे ठोके अनियमित असले, 3 मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) आधी बसवलेला असला, तरी सीटीवर विसंबणं कठीण होतं. आणि कॅल्शियम स्कोअर शून्य आला म्हणून तुमच्या वडिलांसारखी लक्षणं असलेल्या माणसाला मी सोडून देत नाही. मऊ चरबीत कॅल्शियम नसतं.

रिपोर्ट हातात आला की लोक टक्क्यांनी हबकतात. ‘40 टक्के ब्लॉक आहे, आता स्टेंट?’ नाही. सीटीच्या रिपोर्टमध्ये हल्ली कॅड-रॅड्स नावाची 0 ते 5 अशी श्रेणी लिहितात. 1 आणि 2 म्हणजे 50 टक्क्यांच्या आत: औषधं, पथ्य, चालणं, साखर. 3 म्हणजे 50 ते 69: हा अडथळा खरंच त्रास देतो का, हे दुसऱ्या प्रकारच्या तपासणीने ठरवायचं. 4 म्हणजे 70 ते 99, आणि 5 म्हणजे पूर्ण बंद: इथे बहुधा अँजिओग्राफीची चर्चा होते. डाव्या बाजूची मुख्य नळी, जिला आम्ही लेफ्ट मेन म्हणतो, 50 टक्के जरी अरुंद असली तरी ती गंभीर मानतात, कारण हृदयाचा मोठा भाग तिच्यावर जगतो.

आता ‘त्रास देतो का’ हे बघणाऱ्या तपासण्या. इथे मला स्ट्रेस इकोबद्दल सांगायला आवडतं, कारण ती आपल्याकडे लहान शहरांतही होऊ शकते, तिच्यात किरण नाहीत, आणि दिसतं ते डोळ्यांसमोर दिसतं. मागे एक शेतकरी आले होते, 62 वर्षांचे. गुडघे इतके गेलेले की ट्रेडमिलवर चालणं शक्यच नव्हतं. अशांना शिरेतून डोब्युटामिन देतात. ते श्रमाशिवायच हृदयाला पळवतं. डोस पायरी-पायरीने वाढवत नेतात आणि दर पायरीला इको काढतात. निरोगी हृदयाची प्रत्येक भिंत जास्त जोरात आत येते. यांच्या हृदयाची सगळी भिंत जोमाने आत येत होती, आणि तिसऱ्या पायरीला एक पट्टा मागे पडला. आधी रेंगाळला, मग जवळजवळ थांबला. औषध बंद केलं, काही मिनिटांत तो पुन्हा हलू लागला. मी त्यांच्या मुलाला पडद्याजवळ बोलावून दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी दाखवली. टेलचं शेत कोरडं पडतं ते त्याने स्वतः पाहिलं आणि मग मला फार समजवावं लागलं नाही. मर्यादा एवढीच की ही तपासणी करणाऱ्याच्या डोळ्यांवर फार अवलंबून आहे. वर्षाकाठी मोजक्याच करणाऱ्याकडे तिचा भरवसा कमी. शिवाय जाड अंगाच्या किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसात चित्रच नीट येत नाही.

थॅलियमचं नाव तुमच्या नातेवाइकांनी घेतलं. नाव जुनं राहिलं आहे, औषध बहुतेक ठिकाणी बदललं आहे. आता टेक्नेशियम वापरतात, ज्याची किरणशक्ती 6 तासांत निम्मी होते. थॅलियमला त्यासाठी तीन दिवस लागायचे. श्रमानंतर किंवा नळ्या फुलवणारं औषध दिल्यावर ते टोचतात. जिथे रक्त पोचतं तिथला स्नायू ते उचलून घेतो, जिथे कमी पोचतं तिथे चित्रात फिकट डाग दिसतो. विश्रांतीच्या चित्रात तोच डाग भरून निघाला तर स्नायू जिवंत आहे पण उपाशी आहे. भरला नाही तर तिथे जुना व्रण आहे. ज्यांना स्टेंट किंवा बायपास झालेलं आहे, ज्यांच्या सीटीत चुना फार आहे, ज्यांच्या ईसीजीत मुळातच लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या विजेच्या वाटेतला अडथळा, नळीतला नव्हे) आहे, त्यांच्यासाठी मी ही तपासणी आनंदाने निवडते. नळ्या फुलवणारं ते औषध बहुधा अॅडेनोसिन असतं; दम्याच्या पेशंटने ते देण्याआधी दम्याबद्दल सांगायलाच हवं. चहा, कॉफी आणि कोला आदल्या दिवसापासून बंद, कारण कॅफीन त्या औषधाला काम करू देत नाही. एक खोट मात्र ध्यानात ठेवा. हे चित्र एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करतं. तिन्ही नळ्या सारख्याच अरुंद असल्या तर कुठलाच भाग इतरांपेक्षा फिका दिसत नाही. गावातल्या सगळ्याच विहिरी सारख्या आटल्या तर कुठली आटली हे शेजारच्या विहिरीशी तुलना करून कळत नाही, तसं. जुन्या मधुमेहात तिन्ही नळ्यांचा आजार दुर्मीळ नाही, म्हणून तुमच्या वडिलांसाठी थॅलियम नॉर्मल आलं तरी मी वर्णनाकडे पुन्हा वळेन.

एमआरआय किरणांशिवाय हेच काम फार सुंदर करतो, व्रणही नेमका दाखवतो. पण आपल्याकडे हृदयाचा स्ट्रेस एमआरआय मोजक्या शहरांतच होतो आणि महाग आहे. जवळ असेल आणि परवडत असेल तर उत्तम.

किरणांची भीती पुष्कळजण विचारतात. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. नव्या यंत्रावर नीट केलेली सीटी अँजिओ साधारण 3 ते 5, टेक्नेशियमची तपासणी 10 च्या आसपास. 58 व्या वर्षी, एवढी लक्षणं असताना, मी त्यावरून तपासणी टाळणार नाही. पस्तिशीतल्या मुलीला चमका येतात म्हणून मात्र मी सीटी सहज लिहीत नाही.

मग सीटी करून माणसाचं भलं होतं का? स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या 4146 लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, स्कॉट-हार्ट. निम्म्यांना नेहमीची तपासणी, निम्म्यांना त्याच्या जोडीला सीटी अँजिओ. 5 वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण सीटी न झालेल्यांत 3.9 टक्के आणि झालेल्यांत 2.3 टक्के होतं. विशेष म्हणजे 5 वर्षांत अँजिओग्राफी आणि स्टेंट-बायपासचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. फरक मुख्यतः औषधांनी पडला असावा: भिंतीतला आजार डोळ्यांनी दिसला, म्हणून योग्य माणसांना स्टॅटिन आणि अॅस्पिरिन सुरू झालं. माझ्या त्या 46 वर्षांच्या शिक्षक पेशंटना नेमकं तेच मिळायला हवं होतं. ब्रिटनमध्ये नाइस या सरकारी संस्थेने 2016 पासून अशा त्रासासाठी सीटी अँजिओला पहिलं स्थान दिलं. अमेरिकेतल्या प्रॉमिस या दहा हजार लोकांच्या अभ्यासात मात्र सीटी आणि स्ट्रेस तपासण्या यांच्यात धोक्याच्या बाबतीत फरक निघाला नाही. म्हणून ‘सीटीच हवी’ असा हट्ट मी धरत नाही.

दुसरा अभ्यास घरच्यांना आवर्जून सांगते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया नावाच्या अभ्यासात 5179 पेशंट होते. सगळ्यांच्या तपासणीत बऱ्यापैकी रक्तपुरवठा कमी दिसलेला. अर्ध्यांना लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त औषधं. साधारण सव्वातीन वर्षांत झटके आणि मृत्यू यांत ठोस फरक पडला नाही. छातीत दुखणं मात्र स्टेंट-बायपासच्या गटात जास्त कमी झालं. म्हणजे स्थिर त्रासात स्टेंटचं काम मुख्यतः त्रास कमी करणं हे आहे, आणि ‘उद्या सकाळी केलं नाही तर’ अशी घाई बहुधा खरी नसते. पण लेफ्ट मेनचा मोठा अडथळा असलेल्यांना आणि हृदय फार कमकुवत असलेल्यांना या अभ्यासात घेतलं नव्हतं. त्यामुळे लेफ्ट मेन ठीक आहे हे कळणं आवश्यक, आणि ते सीटीत चांगलं कळतं.

या सगळ्यावरून तुमच्या वडिलांबद्दल, न तपासता जेवढं सांगता येईल तेवढं सांगते. स्ट्रेस टेस्ट पहिल्या तीन-चार मिनिटांतच बिघडली असेल, रेघ 2 मिलिमीटर किंवा जास्त खाली गेली असेल, रक्तदाब घसरला असेल, किंवा औषधं घेऊनही रोजच्या चालण्यावर दडपण येत असेल, तर थेट अँजिओग्राफी सांगणारे डॉक्टर बरोबर आहेत. वडील आठ-नऊ मिनिटं चालले असतील आणि बदल किरकोळ असेल, तर मी आधी कॅल्शियम स्कोअर आणि चित्र स्वच्छ येणार असेल तर सीटी अँजिओ करेन. चुना फार निघाला तर थॅलियम किंवा चांगल्या हातांकडून स्ट्रेस इको. आणि सीटीत नळ्या मोकळ्या निघाल्या तर ‘काही नाही’ म्हणून विषय बंद करणार नाही. बारीक नळ्यांच्या आजारातही असंच दडपण येतं, मधुमेहींत आणि बायकांत जास्त, आणि त्याला औषधं आहेत. तपासणी कुठलीही ठरो, अॅस्पिरिन, स्टॅटिन आणि नाडी कमी ठेवणारी गोळी याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. ही औषधं रिपोर्टची वाट बघत थांबायला नकोत. खिशात जिभेखालची सॉर्बिट्रेट असू द्या, आणि ती पहिल्यांदा घेताना बसून घ्यायची हे त्यांना सांगा. तोवर चढ टाळायचा, नाश्त्यानंतर तासभर चालायचं नाही.

आणि दिवाळी. नको, थांबू नका. त्रास आज ठरावीक श्रमावरच येत असला, तरी दोन महिन्यांपूर्वी नव्याने सुरू झालेला त्रास पुढेही तसाच स्थिर राहील असं मी धरत नाही. एक-दोन आठवड्यांत निर्णय व्हावा. सीटीला एक सकाळ लागते, आणि अँजिओग्राफी झाली तरी गुंतागुंत नसेल तर माणूस बहुधा दुसऱ्या दिवशी घरी असतो. आज संध्याकाळी एवढं करा: स्ट्रेस टेस्टची पूर्ण फाइल काढा, नुसतं शेऱ्याचं पान नको, आणि त्यात किती मिनिटं, किती मिलिमीटर आणि चालताना रक्तदाब किती हे शोधा. ती फाइल घेऊनच तुमच्या डॉक्टरांसमोर बसा. त्यातले आकडे मला कळवलेत तर त्या तिघांपैकी कुणाचा सल्ला तुमच्या वडिलांना लागू पडतो, हे मी आजच्यापेक्षा ठामपणे सांगू शकेन.